माझ्या वाट्याची मालिश

मम्मी घरात शिरली की तिच्या हातांच्या वासावरून ती कुणाकडून आली ते मला कळतं. तिळाचं तेल असलं तर बाजारामागची नवी बाळंतीण. मोहरीचं असलं तर कॉलनीतलं बिहारकडचं कुटुंब. मोहाच्या बियांच्या तेलाचा कडवट वास आला की गुडघे धरलेल्या निवृत्त शाळाबाई. या हिवाळ्यात मात्र तिच्या हातांना रोज बदाम तेलाचाच वास येऊ लागला. आमच्याकडे ते तेल कुणी वापरत नाही. ते सिमेंट कंपनीच्या कॉलनीतल्या एका साहेबाच्या बायकोचं होतं, आणि मला त्या वासाचा राग यायचा.

आमचं घर गडचांदूरला आहे. मम्मी बाळंतिणींची आणि बाळांची मालिश करते. मूल गावाजवळच्या माहेरी असताना आत्याच्या हाताखाली ती हे शिकली. आपल्या हातांचा तिला भारी गर्व आहे. "या गावात असा हात दुसरा नाई," असं ती स्वतःच सांगते. एकदा तिच्या तेलानं एका बाळाच्या अंगावर पुरळ उठलं होतं. त्याचा दोष ती अजून साबणाला देते.

याच हातांच्या कमाईवर मी इंग्रजी शाळेत शिकले. सकाळी मी पांढरा शर्ट आणि टाय घालून बसची वाट बघायची तेव्हा मम्मी पहिलं घर आटोपून यायची. मी तिच्याकडे धावले की ती दोन्ही हात वर धरायची. "दूर राह्य, डाग पडल!" शाळेनं मला मम्मी म्हणायला शिकवलं आणि शाळेच्या शर्टानं मम्मीचे हात माझ्यापासून लांब केले. पुढे चंद्रपूरचं वसतिगृह, मग नोकरी. लांब राहण्याची आम्हा दोघींना सवय झाली.

आता माझ्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आहे. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून माझा उजवा खांदा धरला. बाजूला बघायचं तर कपाट सरकवावं तशी मी अख्खी वळायचे. मम्मीला सांगणं सोपं होतं. पण दुकानात गेल्यावरही काय बोलायचं ते मी आधी मनात घोकते. आणि दिवसभर परक्यांची अंगं रगडून आलेल्या बाईला आणखी एक अंग पुढे करायचं कसं? तिनं आपणहून विचारावं असं मला वाटायचं. तिनं विचारलं नाही.

तिला कॉलनीत सोडायला मी स्कूटी घेऊन जायचे आणि फाटकाशी थांबायचे. एकदा साहेबाच्या बायकोनं खिडकीतूनच हाक मारली, "अगं आत ये ना, बाहेर किती धूळ आहे!" ती साधारण माझ्याच वयाची, कोल्हापूरकडची. बाळ पाळण्यात झोपलेलं होतं. ती चटईवर पालथी पडली आणि मम्मी तिच्या पोटऱ्या चोळायला लागली. मी खुर्चीत बसून मोबाईल बघितल्यासारखं केलं.

"आई, तिथं! तिथंच! अगं आई गं, मेले!"

"मरत नाई तू. पाय ढिला सोड."

"तुमच्या हातात सोन्याचं कडं घालायला पाहिजे."

"कडं घालून मालिश होते काय, बाई? तेल जाते त्याच्यात."

दोघी खदखदून हसल्या. मी मोबाईलवर तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. काही दिवसांपूर्वीपर्यंत ती मम्मीला मावशी म्हणायची. आता आई म्हणायला लागली होती. मी स्वतः मम्मीला कधी आई म्हटलेलं नाही. घरात पडून असलेली वस्तू शेजारणीनं उचलून अंगावर घातली आणि तिला ती शोभूनही दिसली, तसं मला झालं.

परत येताना मम्मी स्कूटीवर मागे बसून बोलत होती. "तिचं आंग बोलते. कुठी दाबाव, कुठी सोडाव, तेल गरम पाह्यजे का थंड, सारं समजते. काई बायका तं लाकडावानी पडते. दुखते का बरं वाटते, तोंडावर काई दिसतच नाई. त्याइले काय देवाव मानसानं?"

ते लाकूड मीच, असं मला वाटलं. मी स्कूटी जरा जोरात दामटली.

पुढच्या सुट्टीला मी चंद्रपूरच्या एका आयुर्वेदिक मालिश केंद्रात गेले. भिंतीवर तक्ता लावलेला होता. अंगभर कोमट तेलाचं अभ्यंग, कपाळावर तेलाची धार, औषधी पाल्याच्या गरम पोटलीचा शेक, नुसत्या डोक्याची चंपी. काऊंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काय त्रास आहे?" मी म्हटलं, "काही नाही, सहजच." मग खाली ज्याचा फोटो चांगला होता त्यावर बोट ठेवलं. आतल्या मुलीनं दोनदा विचारलं, "जोर ठीक आहे ना मॅडम?" दोन्ही वेळा मी दात दाबून ठीक आहे म्हटलं. तिचा काहीच दोष नव्हता. घरी आले तेव्हा खांदा आधीपेक्षा जास्त ठणकत होता.

मम्मी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी जवळून गेले तशी तिनं मान वर केली.

"हे कोनाचं तेल?"

"कसलं तेल?"

"मले नको शिकवू. वावडिंगासारखं काहीतरी आहे याच्यात. कोनाकडे गेलती?"

मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. "घरी मी असून तू बाहेर जाऊन अंग रगडून घेतलं? लोक म्हनतीन, मालिशवालीच्या पोरीलेच तिचा हात चालत नाई!"

"तू रिकामी कुठं असतेस? तुझी ती आहे ना कॉलनीतली."

"तू म्हनलं काय कधी?"

"तिला म्हणावं लागतं का?"

"हो! ती म्हन्ते! दिवसभर म्हन्ते, इथी दुखते, तिथी दुखते. तू काऊन नाई म्हनत?"

पप्पा दारात येऊन उभे राहिले, आमच्याकडे पाहिलं आणि चप्पल घालून निघून गेले. मम्मी सूप उचलून पुन्हा तांदूळ निवडायला लागली. खडे ती जरा जास्तच लांब भिरकावत होती. मला ते बघून बरं वाटलं. परक्या तेलाचा वास तिलाही झोंबत होता तर.

त्याच रात्री जेवताना तिनं सांगितलं की साहेबांची बदली गुजरातकडे झाली आहे आणि बाळाला तिच्या हातांची सवय म्हणून बाई तिला काही महिने सोबत नेऊ म्हणतात. "घराच्या खिडकीतून समुद्र दिसते म्हन्ते," मम्मी म्हणाली. मम्मीनं समुद्र पाहिलेला नाही. वरण वाढताना तिचा हात तसाच वाटीवर थांबला. मी म्हटलं, "जा की." ते कोरडं निघालं. खरं तर मला ओरडून सांगायचं होतं की त्या बाईला दुसरी आई शोधू दे.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मम्मीचा फोन आला. "ये लवकर. बाईले उसण भरली. बाळ उचलाले गेली अन् पाठ धरली."

"मग तू कर ना काहीतरी."

"उसणीले हात नाई, पाय लागते. ये."

जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि त्यानं पाठीला पाय लावला की उसण जाते असं आमच्याकडे मानतात. लहानपणी माणसं कमरेवर हात ठेवून वाकत वाकत आमच्या दारी यायची आणि मम्मी मला त्यांच्या पाठीवर उभं करायची. शाळेतल्या मुलींना कळेल या भीतीनं मी ते बंद केलं होतं. मम्मी त्यावर कधी काही बोलली नव्हती. आज बोलवलं ते या पाठीसाठी.

साहेबाची बायको पालथी पडलेली होती. डोळ्यांत पाणी होतं, तरी मला बघून म्हणाली, "आली का डॉक्टरीण? हळू हं. मी चांगली आहे गं, शप्पथ."

मी पाय धुऊन तिच्या पाठीवर ठेवला. पाठ गरम होती, बदाम तेलानं गुळगुळीत. इथं रोज मम्मीचे हात फिरत होते. थोडा जोर द्यावा, असं मनात आलं. पण तिनं श्वास रोखलेला पायाला कळला. ती घाबरली होती आणि तरीही माझ्या पायाखाली निमूट पडली होती. मला ते कधी जमलं नसतं. मी टाच उचलून नुसता चवडा टेकवला, मम्मीनं शिकवलं होतं तसा तीन वेळा.

उसण पायानं गेली की एवढा वेळ पडून राहिल्यानं, मला माहीत नाही. थोड्या वेळानं ती भिंतीला धरून उठून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आई, ही बघा कशी वळते. मान हलतच नाही हिची. तुम्ही माझं अंग बघता आणि पोरीचं दिसत नाही?"

मम्मीचा चेहरा पडला. माझाही पडला असेल. माझ्या दुखण्याचं सांगायलाही हीच पुढे!

घरी आल्या आल्या मम्मीनं खोलीत चटई टाकली, तेलाच्या बाटल्या मांडल्या. कुणी विचारलं तर मी आता सांगते की मालिश निवडताना तक्ता आणि फोटो बघू नये. ज्याला परक्यासमोर कपडे काढायचा संकोच वाटतो त्यानं तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासून घ्यावी, तेवढंही पुरतं. ज्याला उष्णता सोसत नाही त्यानं शेकाच्या मागे लागू नये. आणि जिथं "हळू" म्हणायला तोंड उघडत नाही तिथं झोपूच नये. त्या दुपारी मला यातलं काही सुचत नव्हतं. मी लाकडासारखी पडले.

मम्मीनं तीळतेल निवडलं. अंगठा खांद्याच्या पात्याखाली रोवला. "दुखते?"

"नाही."

"इथी?"

"ठीक आहे."

अंगठा थांबला. "हे पाह्य, मले तुझं तोंड दिसत नाई अन् दिसलं तरी वाचता येत नाई. बोलशील तं करतो. नाई तं उठ."

मी उठले नाही. तिनं पुन्हा दाबलं आणि मी ओरडले, "दुखतंय गं मम्मी! खूप दुखतंय!" बाहेरून पप्पांनी विचारलं, "काय झालं वं?" मम्मी म्हणाली, "काई नाई, पोरगी बोलून राह्यली."

ती पाठीमागूनच म्हणाली, "जाऊन येतो म्हन्तो मी. मले समुद्र पाह्याचा आहे."

"जा. पण आधी हा खांदा पूर्ण कर. निघेपर्यंत रोज."

"रोज?"

"तिचं झाल्यावर नाही. तिच्या आधी."

मम्मी हसली. ती हसली की तिच्या तळहातांतूनही कळतं, हे मला त्या दिवशी समजलं. मग चटईशेजारी तिचा फोन वाजला. कॉलनीतलीच होती. मम्मीचे हात तेलानं भरलेले, म्हणून मी उचलला.

"आई आहेत का गं?"

"मम्मी कामात आहे," मी म्हटलं आणि फोन उलटा करून ठेवला.