मुलीच्या वाट्याची घोडी

माझ्या मुलीच्या वाट्याची घोडी चार महिने मी सांभाळली, आणि मुलगीच सांभाळते आहे असं सगळ्यांना भासवलं. हे लिहून टाकायचं बरेच दिवस मनात आहे. गुन्हा मोठा नाही. कोणाला सांगितला तर हसतील, आणि हसले की विषय संपेल, म्हणून सांगितला नाही.

तेव्हा आम्ही हैदराबादेत नल्लकुंट्याला राहत होतो. मुलगी दहा वर्षांची होती. घरोघर नुकता केबल टीव्ही आला होता आणि यापुढे मुलांचं नुसत्या अभ्यासावर भागणार नाही, असं सगळे एकमेकांना सांगत होते. आणखी काय यायला हवं हे कोणालाच नीट माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्याचेच क्लास निघाले होते. आमच्या गल्लीत पिठाच्या गिरणीच्या माडीवर पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास होता. गिरणी चालू असेपर्यंत मुलांना ओरडून बोलावं लागे. पालक म्हणत, मुलं धीट झाली.

शमीरपेटच्या रस्त्याला, वस्ती संपल्यावर, एका बाईंनी शर्यतीतून निवृत्त झालेले पाच घोडे ठेवले होते. बाई आधी शाळेत पी.टी. शिकवायच्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांच्या पत्रकात लिहिलं होतं की घोड्याची निगा राखताना मूल जबाबदारी शिकतं, धीर धरायला शिकतं, भीतीवर मात करायला शिकतं. घोड्यावर बसणं सर्वांत शेवटी होतं. मला पत्रक पटलं. मुलीला शेवटची ओळ पटली.

रविवारी सकाळी मी तिला स्कूटरवरून घेऊन जाई. नियम असा होता की प्रत्येक मुलाला एक घोडा नेमून दिलेला. आधी त्याला पाणी दाखवायचं, अंगाला खरारा करायचा, चारही पाय उचलून खुरांतली माती आणि खडे लोखंडी आकडीने काढायचे. मग कार्डावर त्या त्या कामापुढे मुलाने स्वतः खूण करायची. त्यानंतर अर्धा तास मैदानात बसायला मिळे. चार महिन्यांनी परीक्षा. जे मूल एकट्याने घोडा तयार करील त्याला मॅडम कुंपणाबाहेर तळ्यापर्यंत नेणार. तळं दोन शेतं ओलांडून होतं. माझ्या मुलीने पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं की ती घोड्यावर बसून तळ्यावर जाणार आहे.

तिला एक तपकिरी घोडी मिळाली. दुसऱ्या रविवारी मुलगी मागचा पाय उचलायला वाकली आणि घोडीने शेपटी झटकली. मुलगी मागे सरली. मॅडम दुसऱ्या टोकाला होत्या. मी म्हणालो, "थांब, एवढा एक पाय मी करून देतो."

एका पायाने सुरुवात झाली. पुढच्या रविवारी दोन पाय. सोमवारी तिच्या शाळेत गणिताची टेस्ट असे, म्हणून चौथ्या रविवारी मी तिला वहीसकट तबेल्यामागच्या ओट्यावर बसवलं आणि सगळंच काम घेतलं. यात काही गैर आहे असं तेव्हा वाटलं नाही. शाळेच्या प्रदर्शनासाठी थर्मोकोलचा गोवळकोंडा मीच केला होता आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

"बाबा, आज खरारा मी करू?" ती वहीतून डोकं वर काढून विचारायची.

"अपूर्णांक झाले का?"

"तीन राहिलेत."

"मग ते कर."

पाचव्या की सहाव्या रविवारनंतर तिने विचारणं सोडलं. मुलगी अभ्यासाला लागली, असा मी त्याचा अर्थ काढला.

कार्डावर खुणा मात्र तिच्याकडूनच करवून घ्यायचो. माझ्या खुणा फार सरळ येत. मी एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. त्या वर्षी आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले. आम्हा सहाजणांना पुढचा आदेश येईपर्यंत बसून राहायला सांगितलं होतं. मी बसून राही. आठवडाभर बसून राहिल्यावर रविवारी माझ्या हाताला काम मिळे. खांद्याशी उभं राहायचं, तोंड शेपटीकडे करायचं, तळवा पायावरून खाली न्यायचा, सांध्याच्या वर हलकेच दाबायचं आणि म्हणायचं, "दे गं." घोडी पाय द्यायची. अख्ख्या हैदराबादेत त्या वर्षी माझ्या सांगण्यावरून कोणी काही केलं असेल तर तिने.

तबेल्यात घोड्यांचा एक म्हातारा सईस होता. तो सगळं बघत होता. एकदा बादली ठेवता ठेवता म्हणाला, "साब, घोडी आपकू पछानती अब. बच्ची कू नै पछानती."

"पछानेगी," मी म्हणालो.

"कैसा पछानेगी? हाथ तो लगने दो बच्ची का."

मी त्याला चहा पाजला. गप्प राहा असं कधी म्हणालो नाही. दर रविवारी चहा पाजत राहिलो.

बायकोला वासावरून शंका आली होती. कपडे भिजवताना एकदा म्हणाली, "अहो, तुमच्या शर्टाला घोड्याचा वास येतो आणि हिच्या फ्रॉकला पावडरचा. घोडा नक्की शिकतंय कोण?"

"लहान मुलांना मदत करावी लागते."

"हौ, केलेली दिसतेय. कॉलरला केस आहेत."

परीक्षेच्या दिवशी पालकांना दोरीमागे उभं केलं होतं. माझ्या मुलीच्या आधी दोन मुलांचं झालं. एका मुलाने खोगीर उलटं ठेवलं, मग स्वतःच काढून सुलट केलं, आणि मॅडमनी त्याला पास केलं. मला धीर आला.

मुलगी घोडीजवळ गेली. तिने खांद्याशी उभं राहून पाय धरला आणि ओढला. घोडीने त्याच पायावर भार टाकला. मुलीने पुन्हा ओढला. तिचे कान लाल झाले. घोडीने मान वळवली आणि दोरीमागच्या लोकांकडे पाहिलं. ती कोणाला शोधत होती हे तिथे दोघांना माहीत होतं, मला आणि सईसाला.

मुलीने तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा मी म्हणालो, "दे गं." मोठ्याने नाही. मुलीला मदत होईल एवढाच विचार होता, की तेवढाही नव्हता, मला आता सांगता येत नाही.

घोडीने मुलीच्या हातातून पाय सोडवून घेतला, माझ्याकडे तोंड करून वळली, दोरीपर्यंत चालत आली आणि तो पाय माझ्यासमोर उचलून उभी राहिली.

पालकांत कोणीतरी हसलं. एक बाई टाळ्या वाजवणार होत्या. त्यांच्या नवऱ्याने त्यांचा हात धरला.

मॅडम शांतपणे मुलीजवळ गेल्या. त्यांच्या हातात कार्ड होतं. "बेटा, यहाँ सब पे टिक है. ये काम कौन करता था?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी घोडीच्या पायाकडे पाहत होतो. टाचेशी एक खडा अडकला होता.

"मैं करती थी," मुलगी म्हणाली.

"और टिक?"

"मैंने किए."

एवढं खरं होतं. मॅडम म्हणाल्या, "आज तालाब नहीं जाना है तुमको," आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

पास झालेली मुलं सईसाबरोबर तळ्याकडे निघाली तेव्हा माझी मुलगी ओट्यावर बसून होती. आज वही नव्हती, म्हणून ती नुसतीच बसली होती. घोडे पहिल्या शेतापलीकडे गेल्यावर, म्हणजे बोलून काही उपयोग उरला नाही तेव्हा, मी मॅडमकडे गेलो. त्या घोड्यांमागून निघण्यासाठी बूट घालत होत्या.

"मॅडम, वो काम मैं करता था. बच्ची की गलती नहीं है."

"मालूम है मुझे. सईस ने दूसरे महीने में ही बोल दिया था."

"फिर आपने..."

"मैं देख रही थी, दोनों में से कौन बोलता है." त्यांनी बुटाची नाडी बांधली. "बच्ची से उम्मीद नहीं थी. वो तो बच्ची है."

परतताना मुलगी स्कूटरवर माझ्यामागे बसली होती. एरवी ती माझा शर्ट धरायची. त्या दिवशी तिने मागची स्टेपनी धरली होती. तार्नाक्याच्या सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं, "तू खरं का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुम्ही सांगाल."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

घरी आल्यावर तिने आईला सांगितलं की तिला क्लास सोडायचा नाही, पण बाबा फाटकाच्या आत येणार नाहीत. मॅडमनी तिला दुसरा घोडा दिला आणि पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. मी बाहेरच्या टपरीवर बसून चहा प्यायचो. सईस आता चहाला येत नसे. मुलीला सहा महिने लागले. ती तळ्यावर गेली तो रविवार कोणता, हे मला त्याच दिवशी कळलं नाही. तीन दिवसांनी ती आईला सांगत असताना स्वयंपाकघराबाहेर कळलं. घोडा पाण्यात पुढचे दोन्ही पाय घालून उभा राहिला आणि हलेचना, मग तिने त्याला कसं वळवलं, ते ती सांगत होती. मी दारात आल्यावर तिने गोष्ट थोडक्यात संपवली.

आता ती नोकरीला आहे. त्या दिवसाबद्दल मी तिची दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा ती म्हणाली, "जाऊ द्या बाबा, माझा अभ्यास व्हावा म्हणूनच केलंत ना." दोन्ही वेळा मी "हो" म्हणालो. ते खरं नव्हतं. तिच्या अपूर्णांकांची मला काही काळजी नव्हती, तिला ते चांगले येत होते. मला घोडी हवी होती. ती मुलीला दिलेली होती, आणि मुलगी लहान होती, म्हणून मी घेतली.

हे मी तिला सांगितलेलं नाही. ती इंग्रजी शाळेत शिकली. मराठी बोलते, पण वाचायचा कंटाळा करते. म्हणून इथे लिहितो आहे.