पान वाढव

बाबा, मी आखाताला निघाले त्या दिवशी तुम्ही भरदुपारी दुकान वाढवलंत. ‘बंद’ हा शब्द तुम्हाला चालायचाच नाही. दुकान वाढवायचं, दिवा वाढवायचा, अगदी पंखासुद्धा. तुम्ही “पंखा वाढव” म्हणालात की मी आणि धाकटा महेश मुद्दाम पाचावर करायचो, मग तुम्ही “आगाऊ कार्टी!” म्हणत मागे धावायचात. देवरुखच्या स्टँडवर मला एवढंच म्हणालात, “सांभाळून गो बाय.”

शारजात आमच्याकडे आलात तेव्हा काम झालं की इथले लोक ‘खलास’ म्हणतात, ते ऐकून तुम्ही “शिव शिव!” केलंत. गाडीतला इको मोड मात्र तुम्हाला आवडला. पेट्रोल वाचतं म्हटल्यावर आवडणारच! तो चालू असला की समोर हिरवं पान दिसतं, एसी मरगळतो आणि सिग्नलला इंजिन आपोआप गप्प होतं. पहिल्यांदा तुम्ही ओरडलात, “मेली गो गाडी!” मी ब्रेकवरून पाय उचलला, इंजिन सुरू झालं. “आला जीव,” म्हणालात. चढावर गाडी रखडली की मला हुकूम, “पान वाढव.”

गेल्या वर्षी ऑफिसात महेशचा फोन आला. तुम्ही हॉस्पिटलात होतात, मी तिकीट शोधत होते. तो रडत होता, लाइन तुटत होती. “ताई, बाबांचं मशीन... डॉक्टर विचारतायत. वाढवू का?”

मला वाटलं, ऑक्सिजन कमी पडतोय.

“वाढव ना! विचारतोस काय? यल्ला, लगेच!”

मी एअरपोर्टला पोचायच्या आत तुम्ही गेलात.

तेव्हापासून सिग्नलला इंजिन गप्प झालं की मला भीती वाटते. शेजारच्या सीटवर कोणी श्वास रोखून बसलंय असं वाटतं, मी तिकडे बघत नाही. संध्याकाळी पान घालवते, सकाळी गाडी सुरू केली की परत हजर. सई म्हणते, “मम्मा, इट्स जस्ट द डिफॉल्ट.” असेल बाई.

गेल्या शुक्रवारी आम्ही खोर फक्कानला निघालो. महेश पहिल्यांदाच इकडे आलाय, तुमच्या सीटवर बसला होता. सई मागे झोपली होती. डोंगराच्या चढावर गाडी रखडली, मागचा ट्रक हॉर्न मारायला लागला. बोगद्यात शिरलो तर समोरच्या काचेत ते पान हिरवंगार.

“ताई, पान वाढव गो.”

आवाज तुमचा. अगदी तुमचाच.

“वाढव म्हणजे रे?”

“म्हणजे बंद कर. आपल्या घरात दुसरं काय असतं?” तो हसला. मग हळूच म्हणाला, “त्या दिवशी मशीनचं तू एका शब्दात सांगितलंस म्हणून जमलं, ताई. माझ्या एकट्याच्याने नसतं झालं.”

बाबा, मी ओरडणार होते. मला तुम्ही हवे होतात हो! एक दिवस तरी, मला पोचेपर्यंत.

“हो रे,” म्हणाले, आणि बटण दाबलं. पान गेलं, गाडी चढाला लागली.

घर कुठलं विचारलं की मी देवरुख सांगायचे. आता दुकानही नाही, तुम्हीही नाही. तुमचा तो शब्द कळणारे आम्ही दोघंच उरलोय, आणि परक्या देशात राहून त्या दिवशी मीच तो विसरले होते. महेशला हे कधी कळता कामा नये. तुम्हीही सांगू नका, बाबा. त्याच्या स्वप्नात गेलात तरी.