शिवून परत येणारे भावजी

आमचे भावजी जितक्या वेळा मेले आहेत, तितक्या वेळा सगळं कुंभकोणम् मिळूनही मेलं नसेल. मरायचे, मैदानाबाहेर जाऊन बसायचे, आणि जोडीदारानं समोरचा एखादा गडी मारला की जिवंत होऊन, गुडघ्याची माती झटकत परत आत यायचे. कबड्डीत हे चालतं. बाहेर चालत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगितलं नसावं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्या तंजावरी मराठी गोतावळ्यात बाकी सगळे ऑडिटर नाहीतर इंजिनीयर. पोटासाठी खेळलेले हे एकटेच, आणि तेही दोन खेळ. आधी तिरुचीच्या एका कारखान्यानं त्यांना व्हॉलीबॉलसाठी नोकरीला ठेवलं होतं. ते बरं चाललेलं सोडून कबड्डीच्या लीगमध्ये गेले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "जाळीपलीकडल्या माणसाला शिवतां येत नाही हो, वैनी. एकटं वाटतं." लीगवाल्यांनी त्यांना लिलावात घेतल्याची बातमी आली त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. "पितळेच्या घंगाळावर लावतात तशी बोली लावली माझ्या लेकावर! घरी काय खायला नव्हतं?" असं म्हणत त्या दुपारभर झोपाळ्यावर बसून होत्या.

मी मूळची सांगलीची. माझं औषधांचं दुकान आहे आणि भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी सांगते, भावजींच्या पावलांचा आवाज येत नाही. आपण ग्राइंडरमध्ये पीठ वाटत असावं, खांद्याला थंडगार बोटं लागावीत, आणि वळेपर्यंत मागे कोणी नसावं. मग उंबऱ्यापलीकडून हसू ऐकू येतं. "वैनी, तुम्ही मेलांत!" दूधवाली एकदा अशीच मेली, ती कॅन टाकून पळाली, नंतर महिनाभर तिचा नवरा दूध घालत होता. मांजरंसुद्धा त्यांना चुकवून भिंतीकडेनं जातात.

शिवाय तो दम. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्यात भावजी एका दमात शिरतात आणि एका दमात बाहेर येतात. बँकेत, न्हाव्याकडे, लग्नाच्या बोलण्यांतही. छाती भरून घ्यायची आणि ओठांतल्या ओठांत कबड्डी-कबड्डी घुमवत राहायचं. गोविंदपुरम्‌ला विठ्ठलाच्या देवळात भजनाच्या वेळी त्यांना एक मुलगी दाखवायची होती. मंडपात सगळे विठ्ठल-विठ्ठल म्हणत होते आणि त्या सुराखालून, जमिनीतून आल्यासारखा, हा दुसरा घुमारा. मुलीचे वडील भारावले. "काय तल्लीनता!" म्हणाले. मुलगी शेजारीच बसली होती, तिनं नकार दिला. तिला शब्द ऐकू आले असावेत.

मग गेल्या वर्षी आमच्या ह्यांचा ताप डोक्यात गेला. इस्पितळात नेईपर्यंत शुद्ध हरपली होती. डॉक्टर म्हणाले, "आम्ही करतोय ते करतोय, तुम्ही वाट पाहा." मी काचेबाहेर वाट पाहत बसले. आमच्या ह्यांच्या शेजारच्या खाटेवर पापनाशम्‌चे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची बायको माझ्याच बाकावर बसायची. आम्ही फारसं बोलत नव्हतो. कॉफी मात्र एकमेकींसाठी आणत होतो.

दुपारी भावजी आले. चपला काढल्या, दाराशी वाकून जमिनीला हात लावला, कपाळाला लावला, आणि छाती भरली. काचेआडून मला आवाज येत नव्हता, ओठ तेवढे दिसत होते. ते भावाच्या खाटेकडे गेलेच नाहीत. वळले, त्या म्हाताऱ्यांच्या पावलाला बोटं लावली, आणि पाठ न वळवता, मागे मागे सरत दाराबाहेर आले. मग श्वास सोडला.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"आपल्या गड्याला शिवून काय उपयोग, वैनी? तो मेलेलाच आहे. समोरच्याला शिवून परत आलं, तर आपला उठतो."

मी त्यांना खालून इंजेक्शनं आणायला पाठवलं. असल्या वेळी माणसाला काम द्यावं.

संध्याकाळी आमच्या ह्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तेव्हाच नर्सनं शेजारच्या खाटेभोवती पडदा ओढला. माझ्या बाकावरची बाई उठली, हातातला कॉफीचा पेला माझ्याकडे देऊन आत गेली.

त्या म्हाताऱ्यांचं काही खरं नाही, हे डॉक्टरांनी सकाळीच त्यांच्या मुलाला सांगितलं होतं. मी ते स्वतः ऐकलं होतं. भावजींना मी हे तमिळमध्ये सांगितलं, मराठीत सांगितलं, औषधांची नावं घेऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे," म्हणाले. "पण शिवलों तर मीच ना."

त्या दिवसापासून ते कोणाला शिवत नाहीत. घरात येताना फाटकापासूनच खाकरतात, पावलं आपटतात. सुटे पैसे माझ्या हातात देत नाहीत, ओट्यावर ठेवतात. दूधवालीची मुलगी त्यांच्या कडेवर जायला हात पसरते, तेव्हा ते दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्याशी बोलत राहतात. इतकं शांत, शहाणं घर मला हवंच होतं. आता पाठीमागे कोणी नसतं, तरी मी पीठ वाटताना मध्येच थांबते.

आमच्या ह्यांना अजून चालताना तोल सावरावा लागतो. संध्याकाळी भावजी त्यांना कावेरीकाठी फिरायला नेतात. पहिल्या दिवशी ह्यांनी पायरीवर हात पुढे केला. भावजी त्या हाताकडे पाहत राहिले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्याचं एक टोक पुढे धरलं.

"धर, अण्णा."

तेव्हापासून दोघं तसेच जातात. एक टोक ह्यांच्या मुठीत, एक भावजींच्या. मी दारात उभी राहून पाहते. हे कुठं अडखळले की टॉवेल ताणला जातो आणि भावजी जागच्या जागी थांबतात. मागे वळून मात्र पाहत नाहीत. टॉवेल सैल होईपर्यंत तसेच उभे राहतात.