एकशे एकोणनव्वद वेळा तलाव

उपेल एजेनं वीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला. एजे म्हणजे ताई, शाळेतल्या बाईंना इथे असंच म्हणतात. आमचं गाव इस्सिक-कोलच्या काठावर. ते अख्खं नाव इथे कुणी घेत नाही. नुसतं 'कोल' म्हणतो. कोल म्हणजे तलाव. आमच्या लिपीत तीन अक्षरं. इथलं मूल पहिला शब्द वाचतं तो हाच.

एजेनं स्वतः चित्रं काढून एक पुस्तक केलं होतं. एक कुटुंब दिवसभर तलावावर जातं. बाप कलिंगड उचलतो, आई चहाचा समोवार, आजी गोधडी. पानाला एक ओळ. प्रत एकच, सुतानं शिवलेली. एकवीस मुलं ती आळीपाळीनं वाचायची. मी कोलच्या बंदरावर चौतीस वर्षं पोती वाहिली आणि आता शाळेची शेगडी सांभाळतो. मेहनत कशाला म्हणतात ते मला कळतं. त्या पुस्तकात मेहनत होती.

राजधानीतल्या एका प्रकाशनानं ते छापायला नेलं. उन्हाळा संपता संपता नुरदीन नावाचा त्यांचा माणूस कच्ची छपाई घेऊन सही मागायला आला. एजेनं पहिलं पान उघडलं आणि तिथेच थांबली.

"कोलच्या जागी हे देन्गिझ कुठून आलं?"

"समुद्र, एजे. समुद्र सगळ्यांना समजतो."

"तू पाहिलायस?"

"एकदा. तुर्कस्तानात, सुट्टीला."

"माझ्या एकाही पोरानं पाहिला नाही. खिडकीतून बघ. काय दिसतं?"

"कोल."

"मग?"

"पुस्तक साऱ्या देशात जाणार ना."

"साऱ्या देशात समुद्र आहे कुठे रे, दीडशहाण्या?"

तो हसला. म्हणाला, "सही नसेल तर छपाई नाही. पोरांना ह्या चिंध्याच वाचायला देणार का?"

ते तिला लागलं. एकवीस पोरं, एकवीस पुस्तकं. तिनं सही केली. चित्रंही बदलली होती, सगळ्यांचे हात रिकामे. कलिंगड आपोआप काठावर आलेलं!

नोव्हेंबरात पुस्तकं आली आणि पाठोपाठ तपासनीस आला. मी शेगडीत कोळसा घालत होतो. ऐचुरेक नावाच्या मुलीला त्यानं उभं केलं. तिनं निळं पाणी पाहिलं, शब्दावर बोट ठेवलं आणि खणखणीत वाचलं, "कोल."

"चूक. पुढचा."

"कोल."

त्यानं उभ्या केलेल्या पाचही जणांनी तेच वाचलं. त्यानं लिहिलं: मुलं चित्र बघून ठोकून देतात, वाचता येत नाही.

"साहेब, चूक त्यांची नाही, छापणाऱ्याची आहे," एजे म्हणाली.

"छापलंय ते वाचायचं."

एजेनं पेन्सिली वाटल्या. "देन्गिझ दिसेल तिथे खोडा. वर आपला शब्द लिहा."

"सरकारी पुस्तकं खराब करता?"

"वाचता येत नाही म्हणालात ना? आता लिहिता येतं का ते बघा."

पोरं माना खाली घालून लिहीत राहिली. तपासनीस घड्याळ बघत राहिला.

महिन्याभरानं एजेला ताकीद आली, शाळेच्या मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल. मी त्या संध्याकाळी वर्गात बसून सगळी पुस्तकं पाहिली. प्रत्येकात तो शब्द नऊ ठिकाणी. एकवीस पुस्तकांत एकशे एकोणनव्वद. अक्षरं वाकडीतिकडी, पण शब्द एकदाही चुकला नव्हता. ताकिदीत ह्याबद्दल एक ओळ नाही.