डब्यातल्या गोगलगाई

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाऊस त्या वर्षी आमच्याकडे फिरकलाच नव्हता. निलंग्याहून लातूरला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी एक प्राध्यापक बसले होते. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला भोकं पाडलेली. प्रत्येक थांब्यावर ते डब्याला कान लावायचे. आत गोगलगाई होत्या. गोगलगाईला आवाज नसतो आणि कानही नसतात, हे गाडीत फक्त त्यांनाच ठाऊक असणार.

समोरच्या आजीनं विचारलंच, "इकायला न्यायलात का?"

"अभ्यासाला," ते खुलले. गोगलगाईच्या मज्जापेशी चांगल्या मोठ्या असतात. पेशीला बारीक दारं असतात. त्यांतून क्षार आत-बाहेर करतात, तेव्हा कुठं ती शिंग हलवते. हे सांगण्याच्या भरात त्यांनी तिकीट खिडकीबाहेर घालवलं.

झाकण उघडल्यावर आजी डोकावली. "समद्या मेल्यात की."

"मेल्या न्हाईत. पाणी न्हाई म्हणून शंखाचं दार लावून बसल्यात."

असं म्हणून त्यांनी बाटलीतलं पाणी डब्यात शिंपडलं. अख्खी गाडी वळून बघायला लागली. त्या वर्षी पाहुण्यालासुद्धा मागितल्याशिवाय कोणी पाणी देत नव्हतं. आता ह्यांना खाली उतरवतात, असं मला वाटलं.

लातूर दिसायला लागलं, तेव्हा एकीनं हळूच शिंग बाहेर काढलं. आजी बघत राहिली. मग तिनं आपल्या तांब्यावरचं फडकं सोडलं आणि डब्यात चार थेंब टाकले.

"बाकीच्यांना सांगा," ती म्हणाली, "पानी आलंय."

आणि त्या विद्वान माणसानं डब्याला तोंड लावून तसं सांगितलं.