काचेवरचा वर्ख

तापानहिनच्या बाजारात थाविनला लोक गोचीड म्हणतात, कारण त्याने चिकटवलेली वस्तू सुटत नाही. भातगिरणीसमोर त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. लोकांच्या गाड्यांना अलार्म बसवायचे आणि सगळ्या गल्लीच्या दुपारच्या झोपेचं खोबरं करायचं, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. काचेवर काही लावायचं तर त्याची रीत ठरलेली. आधी काच स्पिरिटने तीनदा पुसायची, मग टेप लावून शंभर मोजेपर्यंत अंगठ्याने दाबून धरायचं. त्या शंभरात तो गिऱ्हाइकाच्या सासूपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांची चौकशी करायचा, आणि तरी आकडा चुकायचा नाही.

गेल्या एप्रिलपासून मात्र चुकतो. चाळिसाच्या आसपास त्याला प्रचुआपदादाची मूठ दिसते.

प्रचुआप भाताची पोती वाहायचा. त्याच्या जुन्या पिकअपच्या अलार्मला एक अँटेना होता, काड्यापेटीएवढी काळी डबी, समोरच्या काचेवर आरशाशेजारी चिकटवलेली. डबीवर बटण होतं. गाडीत बसून ते दाबलं की घरातल्या रिमोटवर शिट्टी वाजायची. प्रचुआपने हे सगळं चोरांसाठी नव्हे, बायकोसाठी बसवून घेतलं होतं. अंगणात गाडी लावली की महाशय बटण दाबत, आणि आतून लमदुआनवहिनी म्हणायची, "आले, आले. राजेसाहेबांना उतरवून घ्यायला आले."

नव्या वर्षाच्या सणाआधी उन्हाने ती डबी निघाली आणि प्रचुआप ती घेऊन दुकानात आला. थाविनने काच पाहिली. जिथे डबी बसायची तिथेच आता सोन्याचा वर्ख लावलेला होता. मठातल्या मोठ्या भंत्यांनी गाडीला आशीर्वाद देताना लावलेला.

"हा खरवडावा लागेल, दादा. वर्खावर टेप धरत नाही."

"भंत्यांचा वर्ख खरवडतोस? गाडीची देवी रुसली तर तुझ्या घरी पाठवू का तिला?"

"मग वीतभर बाजूला घेऊ. पण वायर पुरायची नाही. काचेलगतच्या खांबाचं अख्खं झाकण उघडावं लागेल."

"आज? उद्या सण, आणि तू आज गाडी उघडून बसणार? लाव रे तिथेच. सोन्यावर लावलेलं आणखी घट्ट बसेल."

दोघेही हसले. थाविनलाही घरी जायचं होतं. वर्ख काचेवर नुसता टेकलेला असतो, त्यावर लावलेलं काचेला लागतच नाही, हे ठाऊक असून त्याने डबी वर्खावर चिकटवली आणि शंभर मोजले.

डबी लावल्यापासून तेराव्या दिवशी दुपारी प्रचुआपच्या छातीत कळ आली, अंगणात, गाडीतच. लमदुआन स्वयंपाकघरात मासे तळत होती आणि रिमोट तिच्या कानाशी खिळ्याला टांगलेला होता. तो वाजला नाही. तासाभराने ती बाहेर आली तेव्हा डबी नवऱ्याच्या मुठीत होती, अंगठा बटणावर. वायर डबीतून निसटून काचेवरून लोंबत होती.

मृताच्या तळहातावर पाणी सोडायच्या रांगेत थाविनही उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याला दिसलं, प्रचुआपच्या तळहातावर सोन्याचे कण चमकत होते. "हातात सोनं घेऊन गेला हो," शेजारची म्हातारी म्हणाली. "केवढं पुण्य असेल गाठीला." लमदुआनने मान हलवली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. थाविनचं पाणी चटईवर सांडलं. ते सोनं कुठून आलं हे तिथे त्याला एकट्यालाच माहीत होतं. त्या दिवसापासून त्याला एका प्रश्नाची धास्ती बसली. डबी जागेवर असती तर रिमोट वाजला असता का, हे वहिनी कधीतरी विचारणार.

प्रचुआपच्या नावाने शंभराव्या दिवसाचं दान झालं आणि दुसऱ्याच दुपारी लमदुआन पिकअप घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली. तिने रुमाल सोडला. आत ती डबी होती.

"भावजी, ही बसवून द्या. धाकटी बहीण राहायला आलीये. मला काही झालं तर कुणाला तरी कळायला हवं."

थाविनने डबी उलटी केली. टेपवर सोनंच सोनं होतं. त्याने ती चटकन पालथी घातली.

गाडीच्या देवीला हात जोडणारा हा माणूस नव्हे. त्या दिवशी मात्र आरशाला देवीसाठी टांगलेल्या हारासमोर त्याने हात जोडले, मनापासून क्षमा मागितली आणि उरलेला वर्ख खरवडून कागदावर घेतला. काच तीनदा पुसली. वायर छताच्या अस्तराखाली चिमट्याने अडकवली, म्हणजे डबी पडली तरी निसटणार नाही. हे एप्रिलमध्ये करायला दहा मिनिटं लागली असती. टेप दाबून तो मोजू लागला. चाळिसाला मूठ दिसली, आणि त्याने पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

"मी गिरणीच्या फाटकाशी जाते," लमदुआन म्हणाली. "तिथून बघू वाजतंय का."

ती रिमोट घेऊन निघाली. थाविन चालकाच्या जागी बसला, प्रचुआप बसायचा तिथेच. हात वर केला, पण अंगठा बटणावर टेकेना. आपण दाबू आणि तिकडे तिला प्रचुआपच बोलावतोय असं वाटेल, ही त्याला भीती.

"भावजी, दाबलंत का?" तिने लांबून हाक दिली.

त्याने दाबलं. फाटकाशी शिट्टी वाजली. ती वाजतच राहिली, लमदुआनला ती बंद करायचं सुचलं नाही.

परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "इथून फाटकापर्यंत वाजलं. आमचं स्वयंपाकघर तर अंगणाला लागून आहे."

तिने काचेवरच्या डबीला बोट लावलं.

"त्या दिवशी ही जागेवर असती, तर मला ऐकू आलं असतं?"

नाही म्हणायची तयारी त्याने शंभर दिवस केली होती. रिमोटचा सेल, भिंती, उन्हाळा, सगळी कारणं तोंडपाठ होती.

"आलं असतं, वहिनी. मी वर्खावर चिकटवली होती. टिकणार नाही हे मला माहीत होतं."

तिने कागदावरचे कण पाहिले.

"म्हणजे त्यांच्या हातावरचं सोनं..."

"ह्या टेपचंच."

तिने रिमोट त्याच्या बाकावर ठेवला आणि ती गाडीत बसली.

"हा घरी न्या, वहिनी. बहिणीला..."

"नको. तुमच्याकडेच असू दे. मी वाजवलं की बाहेर यायचं."

तेव्हापासून रिमोट थाविनच्या खिशात असतो. सेल संपायच्या आधीच तो बदलतो. रोज चारच्या सुमारास पिकअप दुकानावरून जाते आणि खिशात शिट्टी होते. कधी दुसऱ्याच्या काचेवर अंगठा दाबलेला असतो, ऐंशीपर्यंत मोजून झालेलं असतं, तरी तो सगळं सोडून रस्त्यावर धावतो. लमदुआन आरशात बघते, तो आला आहे ना याची खात्री करते आणि पुढे जाते.