दोघांपुरती गाडी का तापली

मी जन्मभर ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनं दुरुस्त केली. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजींना दया आली म्हणून. लिहिण्यातल्या चुका काढायच्या तर काढा, इंजिनातल्या मात्र काढू नका.

कळस गावात घरासमोर माझं पत्र्याचं शेड आहे. कारभारीण गेली त्या दिवशी शेडला कडी घातली, ती नऊ महिने काढली नव्हती. कुणी काम घेऊन आलं की सांगायचो, हात दुखतोय. हात ठणठणीत होता. काम झालं की काळे हात घेऊन दारात उभं राहायचं आणि तिनं साबण आणून द्यायचा, वर दोन शब्द ऐकवायचे, अशी चाळीस वर्षांची सवय. नुसता साबण घ्यायचा तर तो मोरीत पडलेलाच असतो.

त्या रविवारी सकाळी दारात एक लाल गाडी येऊन थांबली. दारं दोनच, उंची माझ्या कमरेइतकी, आवाज मात्र दोन ट्रॅक्टरांचा. आतून कारभारणीचा भाचा उतरला. त्याचा बारामतीत दातांचा दवाखाना आहे. दुसऱ्या बाजूनं त्याचा बाप, म्हणजे माझा मेव्हणा, अर्धाच बाहेर आला आणि तसाच अडकला.

"दाजी, हात द्या आधी. ही गाडी न्हाय, खड्डा हाय."

दोघं लोणी भापकरहून इंदापूरला साखरपुड्याला निघाले होते. वाटेत गाडी तापली. ही तिसरी खेप.

"मामा, सावलीत लावतो जरा," भाचा म्हणाला. "पुण्याच्या गॅरेजवाल्यानं ट्रक धाडलाय. चारपर्यंत येईल."

"काय म्हणतो तो?"

"हेड गॅस्केट गेलंय म्हणतो. इंजिन उघडावं लागंल."

"आणि इंजिन उघडलं की गाडी विकायची," मेव्हणा म्हणाला. "आमचं ठरलंय तसं. इचारा त्याला."

भाचा टपावरची धूळ हातानं पुसायला लागला. पोरगा शाळेत असताना वहीच्या मागच्या पानांवर असल्याच गाड्या काढायचा. त्याच्या आत्यानं मला त्या दाखवल्या होत्या, जसं काही तिनंच काढल्या होत्या. आता तेहतीस वर्षांचा दातांचा डॉक्टर, आणि तोंड असं झालेलं की त्याचीच दाढ दुखतेय.

"गॅरेजवाल्यानं गाडी बघितली का?"

"न्हाय, फोनवर सांगितलं सगळं."

"तुला कुणी फोनवर सांगितलं दात दुखतोय, तर तू लगेच जबडा उघडतोस?"

"आधी तोंड बघतो की."

"मग मला तोंड बघू दे."

मी शेडची कडी काढली. मेव्हण्यानं विचारलं, "दाजी, तुमचा हात दुखतोय ना?" मी म्हणालो, "आज न्हाय."

गाडी निवेपर्यंत तिला हात लावला नाही. तोवर भाच्याला एवढंच विचारलं, कधी तापते? का तापते हे मालकाला विचारून उपयोग नसतो, तो मनाचं सांगतो. भाचा म्हणाला, बारामतीच्या गर्दीत दिवसभर फिरवली तरी उष्णतेचा काटा गप. रस्ता मोकळा मिळाला, एसी लावून पळवली, की काटा चढत जातो.

गर्दीत तापली असती तर पंख्यावर संशय घेतला असता. पळताना तापते म्हणजे मामला निराळा. तरी आधी गॅस्केट बघून घेतलं. रेडिएटरचं पाणी खुणेला होतं, थेंबभर कमी नाही. ऑइलची काडी ओढली. गॅस्केट गेलं की पाणी ऑइलात शिरतं, ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. हे स्वच्छ निघालं. गाडी चालू केली, पाण्याच्या टाकीत बुडबुडा नाही, मागं पांढरा धूर नाही. खालचा-वरचा पाइप दोन्ही गरम, म्हणजे पाणी फिरत होतं. पंखा फिरत होता.

"गॅस्केट शाबूत हाय," मी म्हणालो.

"मग तापतीया कशानं?" मेव्हणा.

तेच तर कळत नव्हतं. आणि एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. इंजिन गरम झालं तसा मी आत वाकलो, आणि हळदीचा वास आला. कढईत तेल तापलं, हळद पडली, तसा. मी बाजूला झालो. ह्या नऊ महिन्यांत कधी तिचं खाकरणं ऐकू आलंय, कधी ताटल्यांचा आवाज. कुणाला बोललो नाही, लोक लगेच डॉक्टर सुचवतात. हाही वास त्यातलाच समजलो आणि गप्प बसलो. त्यापायी तासभर भलत्याच वायरी तपासत राहिलो. दोन वाजून गेले.

मग ट्रॅक्टरची जुनी युक्ती केली. पंखा चालू असताना वर्तमानपत्राचं पान गाडीच्या नाकाला, म्हणजे पुढच्या जाळीला लावलं. आत हवा ओढली जात असली की पान चिकटून राहतं. हे पान घसरत खाली पडलं.

"वारा पडलाय," मेव्हणा म्हणाला.

"वारा न्हाय पडला पाहुणं. नाक चोंदलंय."

बॅटरीचा उजेड मारून नाकात बघितलं तर जाळी स्वच्छ. पुन्हा तोच वास. आता मात्र मी भाच्याला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "तुला कसला वास येतोय का रं?"

"हळदीचा ना? कवापासनं येतोय. गरम झाली की येतोच. मला वाटलं, ह्या गाडीचा वासच तसा."

मी पाना खाली ठेवला. एवढं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. म्हणजे मी काही अजून येडा झालो नव्हतो.

"जेजुरीला नेली होती?"

बापलेक एकमेकांकडं बघायला लागले. गाडी आली तेव्हा मेव्हणाच म्हणाला होता, देवाला दाखवल्याशिवाय रस्त्यावर न्यायची नाही. तिथं चुलत्यांनी मूठमूठ भंडारा उधळला, आणि मेव्हण्यानं मानाचा म्हणून अख्खी पिशवी नाकावर रिकामी केली. घरी आल्यावर डाळिंबाच्या फवारणीची गन घेऊन, जोर लावून, समोरून धुतलीही त्यानंच.

पुढं एसीची जाळी असते, तिच्या मागं दोन बोटांवर इंजिनाच्या पाण्याची. भिजलेली हळद पहिलीतून आत ढकलली गेली आणि दुसरीवर लिंपून बसली. वर उसाच्या तुऱ्याचे दिवस, तुऱ्यातली कापसासारखी म्हातारी उडत येऊन त्यात रुतली. पुढून सगळं लख्ख, आत घोंगडं.

"म्हंजी देवाचा भंडारा वाईट व्हय?" मेव्हणा चिडला.

"देवानं अंगावर टाका म्हणलं असंल. नाकात कोंबा कुठं म्हणलंय?"

भाचा हसून जमिनीवरच बसला. मेव्हण्याला हसायचं नव्हतं, पण मिशी हललीच.

पुढचा भाग ढिला केला, एसीचा गॅस न सोडता जाळी चार बोटं पुढं घेतली. मेव्हण्याच्या पाठीवर माझा फवारणीचा पंप दिला आणि बजावलं, जोर लावायचा नाही, आणि मागून पुढं मारायचं. भाच्यानं गाडीतनं दवाखान्याचे नवे दातांचे ब्रश काढले.

"जाळीची पाती मऊ असत्यात, हळू," मी म्हणालो.

"मामा, हे काम तुमी मला शिकवू नका."

खरंच मला त्याच्याएवढं जमलं नसतं. पिवळे पापुद्रे निघत गेले. अंगण हळदीच्या कार्यक्रमासारखं झालं.

साडेतीनलाच ट्रक आला. "कुठली न्यायची?" डायव्हरनं विचारलं. भाचा माझ्याकडं बघायला लागला, तर त्याच्याआधी मेव्हणाच बोलला, "बसा वाईच. च्या घ्या. अजून काय ठरलं न्हाय."

पान पुन्हा नाकाला लावलं. ते असं चिकटलं की ओढून काढावं लागलं. पण उभ्या गाडीत हा रोग दिसतच नव्हता, पळवल्याशिवाय काही सांगता येत नव्हतं. मी भाच्याशेजारी बसलो. भिगवणला हायवेला लागलो, एसी पुरा केला.

पोरगा दर घडीला काट्याकडं बघत होता.

"तू रस्ता बघ," मी म्हणालो. "काटा मी बघतो."

जिथं चढायचा तिथं काटा मध्यावर आला आणि थांबला. मी त्यावरची नजर काढली नाही. डाळज आलं, मागं गेलं. काटा तिथंच.

"मामा?"

"हलला न्हाय. बापाला फोन कर, ट्रक रिकामा जाऊ दे म्हणावं."

त्यानं गाडी बाजूला घेऊन फोन लावला. पलीकडून मेव्हणा काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून भाच्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, वर म्हणाला, हळद गेली डोळ्यात.

"वळवू का आता?"

"साखरपुडा तर चुकलाच," मी म्हणालो. "चल की अजून थोडं."